बाउट्सनहून आजीस पत्र: मेणाने राखलेला पांढरा रंग

बाउट्सन, जर्मनी
दि. ६ एप्रिल २०२६

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलेस, की अंड्यावर एवढी बारीक नक्षी उठते तरी कशी आणि त्यासाठी ब्रश कोणता वापरतात. सांगायला बरेच असल्यामुळे सविस्तर लिहायला बसले आहे. आपल्या घरात अंडे येत नाही हे ठाऊक असूनही लिहीत आहे, कारण ही नक्षी पाहताक्षणी मला तुझीच आठवण झाली.

आमचे बाउट्सन ड्रेस्डेनच्या पूर्वेला, श्प्रे नदीच्या काठी आहे. या लुसाटिया भागात सोर्ब नावाचे स्लाव लोक शतकानुशतके राहत आले आहेत. इथल्या रस्त्यांच्या पाट्या जर्मन आणि सोर्बी अशा दोन्ही भाषांत असतात, आणि सोर्बीत या गावाला बुदिशिन म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजीही सोर्बच. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात पूर्वी अंडी वर्ज्य असत, पण कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नसत, त्यामुळे सणापर्यंत घरोघरी अंडी साठत. ती रंगवून धर्ममाता आणि धर्मपिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची जबाबदारी घेणारे, आपल्या धर्मापत्यांना देत, आणि सोर्बांत ही रीत अजून चालू आहे. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. तुमच्याकडे गुरुवारी हनुमान जयंती झाली आणि त्याच पौर्णिमेनंतरच्या रविवारी, म्हणजे काल, इथे ईस्टर झाला.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. ब्रश वापरतच नाहीत. मेणबत्तीच्या ज्योतीवर चमच्यात मेण वितळवतात आणि हंसाच्या पिसाचे टोक कात्रीने त्रिकोणी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराचे कापून, ते मेणात बुडवून अंड्यावर ठशासारखे टेकवतात. ठिपक्यांसाठी टाचणीचे डोके पुरते. मेण पुरेसे तापलेले नसेल तर ते कवचावर जाड साचते आणि पुढे रंगात सुटून येते. नीट तापलेल्या मेणाचा ठसा मात्र पातळ आणि जवळजवळ पारदर्शक पडतो, इतका, की पांढऱ्या अंड्यावर आपण काय काढले हे प्रकाशात तिरपे धरल्याशिवाय दिसत नाही.

जिथे मेण टेकले तिथे रंग चढत नाही. सारी कला यातच आहे, आणि याच कारणाने हे काम तुझ्या रांगोळीच्या उलट दिशेने चालते. तू सारवलेल्या अंगणात शेवटी पांढरी रेघ ओढतेस, तर इथे शेवटी जे पांढरे दिसायला हवे ते अगदी पहिल्यांदा मेणाखाली झाकून ठेवावे लागते. मग अंडे पिवळ्या रंगात बुडवायचे, जे पिवळे राहायला हवे त्यावर मेण लावायचे, मग लाल रंग, पुन्हा मेण, आणि शेवटी काळा किंवा गडद निळा. एकदा गडद रंग चढला की मागे जाता येत नाही, म्हणून पहिला ठसा उमटवण्यापूर्वीच संपूर्ण नक्षी डोक्यात तयार असावी लागते. कागदावर आराखडा न काढता तू १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी सुरू करतेस, तेव्हा तुझ्या डोक्यात जे चालते ते मला यंदा पहिल्यांदा नीट कळले.

कडेने ओळीत मांडलेल्या त्रिकोणांना इथे लांडग्याचे दात म्हणतात आणि ते अनिष्टापासून राखण करतात असे मानतात. मधाच्या पोळ्याची नक्षी कष्टाळूपणाची खूण समजली जाते.

रंगाच्या पाण्यात व्हिनेगर घालतात, कारण कवचावर प्रथिनांचा एक अतिशय पातळ पापुद्रा असतो आणि आंबट पाण्यात हे रंग त्याला घट्ट धरतात. पण अंडे त्यात फार वेळ ठेवले तर बुडबुडे येत राहतात आणि चुन्याचे कवचच विरघळू लागते. सरावासाठी मी काही अंडी नक्षी न काढता कांद्याच्या सालींत उकळली, ती सुंदर तांबूस तपकिरी झाली. काहींना हळदीचा रंग दिला. हळदीला चुना लागला की तिचे कुंकू होते, हे तूच मला दाखवले होतेस. इथे व्हिनेगरमुळे ती पिवळीच राहिली.

माझे पहिले नक्षीचे अंडे मात्र वाया गेले. दोन तास खपून ठसे उमटवले आणि घाईने कोमट रंगात बुडवले. मेण मऊ होऊन सरकले आणि सगळे त्रिकोण एकमेकांत मिसळले. मला फार वाईट वाटले. वरच्या आजींनी काही न बोलता रंगाची वाटी खिडकीबाहेर थंडीत ठेवली आणि माझ्या हातात दुसरे अंडे दिले.

सर्वांत आनंदाचा क्षण शेवटी येतो. अंडे ज्योतीच्या बाजूला धरायचे, वर धरले तर काजळी बसते. मेण ओले होऊन चमकू लागले की सुती कापडाने ते हलकेच पुसायचे. तोवर काळपट, खडबडीत दिसणाऱ्या त्या गोळ्यावरून कापड फिरते आणि खालून पांढरा, पिवळा, लाल असे रंग एकेक करून निघतात. मेणाचा जो किंचित अंश उरतो त्याने कवचाला तकाकी येते.

तुझ्यासाठी मी एक अंडे वेगळे केले आहे. दोन्ही टोकांना बारीक छिद्रे पाडून आतले सर्व फुंकून बाहेर काढले, कवच धुऊन वाळवले आणि मगच त्यावर नक्षी काढली. जूनमध्ये येताना ते कापसात गुंडाळून आणू शकेन, पण घरात रिकामे कवचही चालणार नसेल तर मोकळेपणाने कळव, म्हणजे हीच नक्षी मी जाड कागदावर मेणाने काढून आणीन. आणि तुझ्या वहीतल्या एक-दोन लहान रांगोळ्यांचे फोटो दादाला पाठवायला सांग. त्यातली एखादी अंड्याच्या गोलाईवर बसते का, हे वरच्या आजींना पाहायचे आहे.

आई-बाबांना नमस्कार.

तुझी नात