फोटोतला तो नागरमोथा नव्हे, संपादकसाहेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या तोंडावर तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी उटणं कसं करायचं यावर लेख आला होता, छान होता, आमच्या आईने तो कापून फ्रीजवर लावलाय. लेखाबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्याच्या शेजारच्या फोटोबद्दल, ज्याच्याखाली तुम्ही बिनधास्त 'नागरमोथा' छापलंय. त्या फोटोत गुडघाभर पाण्यात उभे असलेले हिरवेगार गोल दांडे आहेत, एकालाही धड पान नाही, आणि दांड्याच्या मधेच एका बाजूला तपकिरी कणसांचा झुबका कुणी फेविकॉलने चिकटवल्यासारखा दिसतोय. नागरमोथा असा नसतो हो. हा शिनोप्लेक्टस नावाच्या पाणवनस्पतींच्या गोतावळ्यातला कुणीतरी आहे, आमच्याकडे तळ्यात, कालव्याच्या डबक्यात भरपूर असतो. त्याची गंमत अशी की झुबका खरं तर दांड्याच्या टोकालाच आलेला असतो, पण त्याच्याखालचं एकुलतं एक पान दांड्यासारखंच गोल होऊन सरळ वर जातं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं दांडाच पुढे गेलाय आणि फुलं मधूनच फुटलीत.

आता म्हणाल एवढ्याशा फोटोसाठी कशाला पत्र. तर झालं असं की आमच्या मावशीने तो फोटो मोबाईलवर ठेवला, कालव्यावर गेली, आणि 'तसलंच' काहीतरी गवत पिशवीभर उपटून आणलं. आणि मग मला फोन, की अरे याच्या मुळाला वासच नाही, खराब झालाय का? माझं बीएस्सी बॉटनीत झालंय, आता द्राक्ष आणि थोडा ऊस बघतो, पण नातेवाईकांसाठी मी अजून 'झाडपाल्याचा डॉक्टर' आहे. पिशवी उघडली तर आत तीन वेगवेगळ्या वनस्पती निघाल्या आणि तिन्हीपैकी एकही नागरमोथा नाही. मावशीचा काय दोष, ही मंडळी दिसतातच एकसारखी, आणि आपण सगळ्यांना मिळून लव्हाळं नाहीतर गवत म्हणून मोकळे होतो. एका अ‍ॅपला फोटो दाखवला तर त्याने त्याच झाडाची तीन वेळा तीन नावं सांगितली.

पहिली गोष्ट म्हणजे हे गवत नाही. गवताचा दांडा बहुतेक वेळा पोकळ आणि त्याला पेरं असतात, बांबूला बघा. लव्हाळ्याच्या कुळात, म्हणजे सायपरेसीत, दांडा सहसा भरीव, पेरं नाहीत, आणि बोटांत धरून फिरवला की बऱ्याचदा तीन धारा लागतात. पानंही तीन दिशांना फुटतात, गवताची दोन बाजूंना. पण नुसत्या तीन धारांवर जाऊ नका, कारण तुम्ही छापलेल्या फोटोतला दांडा गोलच आहे आणि तरी तो याच कुळातला आहे. याच कुळातल्या एलिओकॅरिसचा पण बऱ्याचदा गोल असतो, त्याला पानं जवळपास नसतातच, नुसती हिरवी काडी आणि टोकाला एकच कणीस, काडेपेटीच्या काडीसारखं. आणि पाणकणीस, ते जाड तपकिरी कबाबासारखं दिसणारं, ते तर या कुळातलंच नाही, तेवढं तरी पुढच्या वेळी यात मिसळू नका.

मी मावशीला जे शिकवलं ते इथे सांगतो, कारण पुस्तकातल्या झाड ओळखायच्या पायऱ्या (त्यांना 'किल्ल्या' म्हणतात) वाचून माणूस घाबरतो. एक बारीक कणीस तोडायचं आणि भिंगाखाली धरायचं, स्टॅम्प बघायचं साधं भिंग चालतं. खवले दोनच रांगांत, समोरासमोर, पोरीच्या वेणीसारखे बसलेले असतील आणि कणीस चपटं असेल तर तो सायपरस, म्हणजे नागरमोथ्याचा गट, किंवा त्याचा चुलतभाऊ. खवले चहूबाजूंनी गोल फिरत बसलेले असतील, म्हणजे कणीस मक्याच्या छोट्या कणसासारखं गोलसर असेल, तर फिम्ब्रिस्टायलिस, शिनोप्लेक्टस, एलिओकॅरिस या गटांच्या बाजूला जा. मावशीच्या पिशवीतलं एक या दुसऱ्या बाजूचं होतं, फिम्ब्रिस्टायलिस, त्याची पानं बुडाशी पंख्यासारखी चपटी पसरलेली होती आणि वर ज्वारीपेक्षाही बारीक गोल गोल कणसं.

उरलेली दोन सायपरस होती आणि खरी फसगत तिथेच होते. एक सायपरस डिफॉर्मिस, याची कणसं इतकी दाटीवाटीने बसतात की प्रत्येक झुबका म्हणजे एक छोटा गोळाच, बोराएवढा, हिरवट-काळपट. हा चटकन ओळखू येतो. दुसरा सायपरस इरिया, आणि हा मात्र लव्हाळ्याचा, म्हणजे खऱ्या नागरमोथ्याचा, जुळा भाऊ वाटावा असा. तोच तीनधारी दांडा, तशीच वर उघडलेली छत्री, खाली लांब पानं. फरक रंगात आहे, इरियाची कणसं पिवळट आणि त्यांचे खवले एकमेकांपासून जरा सुटे असतात, त्यामुळे कड करवतीसारखी दिसते. आपल्या लव्हाळ्याची, म्हणजे सायपरस रोटंडसची, कणसं लालसर-तपकिरी आणि खवले घट्ट एकावर एक.

रंगावर शंका असेल तर खाली बघा, मुळात. खुरपं घ्या आणि हलक्या हाताने माती सोडवा, ओढू नका, ओढलं की वरचं तुटून हातात येतं आणि पुरावा जमिनीतच राहतो. इरियाच्या खाली नुसता तंतुमुळांचा झुपका मिळेल, त्यांना तांबूस छटा असते, गाठ एकही नाही, कारण तो एका हंगामाचा पाहुणा, बियांवर जगणारा. लव्हाळ्याच्या खाली काळपट गाठ, तिच्यापासून दोरी, दोरीवर दुसरी गाठ, पुढे तिसरी, अशी माळच बाहेर येते. मी काकांच्या बांधावर एकदा दुपारभर एकच माळ सोडवत बसलो होतो, शेवट सापडलाच नाही, काकू चहा घेऊन आली आणि म्हणाली सोनं सापडलं का. गाठ नखाने खरवडली की तो ओळखीचा वास येतो, अभ्यंगस्नानाच्या पहाटेचा. तोच नागरमोथा, आयुर्वेदातली मुस्ता. म्हणजे बांधावर ज्याला आपण शिव्या देतो तोच दिवाळीत अंगाला लावतो.

अजून एक भाऊ आहे, सायपरस एस्क्युलेंटस, माझ्या पाहण्यात कमी आला. त्याची कणसं सोनेरी, पानाचं टोक हळूहळू लांब निमुळतं होत जातं (लव्हाळ्याचं जरा एकदम संपतं), आणि गाठी माळेत नाही तर प्रत्येक दोरीच्या टोकाला एकेकटी. चवीला गोड, स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाकडे तर त्याच्यापासून ओर्चाता नावाचं थंड पेय करतात. लव्हाळ्याची गाठ खाऊन बघा, कडू! झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने दोघांना नावं 1753 मध्येच दिली, एकाला गोल गाठीवरून, दुसऱ्याला खाण्याजोगा म्हणून. त्यानेसुद्धा नाव देताना खालीच बघितलं म्हणायचं.

आणि हे नुसतं हौशी लोकांचं काम नाही. मागच्या वर्षी काकांच्या उसाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कालव्याचं पाणी पाझरतं, तिथे भरमसाठ 'लव्हाळा' झाला. दुकानदाराने खास लव्हाळ्याचं महागडं तणनाशक दिलं. मी नंतर जाऊन बघितलं तर कडेला राहिलेलं सगळं इरिया, बी धरायच्या आत चार बायकांनी दोन तासांत उपटून टाकलं असतं तरी भागलं असतं. उलटं पण होतं, खरा लव्हाळा असताना लोक रोटाव्हेटर फिरवतात, माळ तुटते, आणि माळेत जोडलेल्या असताना ज्या गाठी झोपून होत्या त्या सुट्या झाल्या की एकेक करून कोंब काढतात. महापुरात झाडं जातात आणि लव्हाळं राहतं हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, रोटाव्हेटरने तर ते वाढतं. जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांत त्याचं नाव पहिलं घेतात ते उगाच नाही.

आमच्या तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं ते. पक्षी बघायला गाड्या भरून लोक येतात, जांभळ्या पाणकोंबडीचे शेकड्याने फोटो काढतात, पण ती ज्या झुडपात उभी आहे त्याचं नाव कुणी विचारत नाही. तिथे काठावर बसून नुसतं भिंगातून बघायचं हं, उपटायचं नाही, अभयारण्य आहे. उपटून शिकायचं तर आपला बांध आहे.

तर एवढी विनंती की पुढच्या अंकात चूक दुरुस्त करा आणि फोटो मुळासकट छापा, माती धुवून, गाठींची माळ दिसेल असा. आई म्हणते मी आपली दुकानातूनच आणते, पण तिथे नागरमोथा म्हणून सायपरस स्कॅरिओसस नावाचा तिसराच भाऊ पण विकला जातो, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. फोटो हवा असेल तर कळवा, काकांच्या बांधावर लव्हाळ्याला तोटा नाही.

आपला,
एक वाचक, निफाड तालुका