‘बिनविरोध’ म्हणजे काय, ते सचिवाला विचारा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जागतिक बँकेचे अध्यक्ष अजय बंगा हे आपल्या खडकीत जन्मले, हे आपल्या रविवारच्या पुरवणीत पुन्हा वाचले. जन्म १९५९चा, वडील लष्करात, ही माहिती बरोबर आहे. २०२३ साली त्यांच्यासमोर दुसरा उमेदवारच उभा राहिला नाही, हे मात्र लेखात फार कौतुकाने सांगितले होते. तिथे मी चष्मा काढून ठेवला.

बिनविरोध निवडीवर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे. महाड तालुक्यातल्या एका विविध कार्यकारी सोसायटीचा मी एकतीस वर्षे सचिव होतो. भाताचे पीककर्ज, रेशनचे दुकान, खताच्या गोण्या आणि दर पाच वर्षांनी निवडणूक. एवढ्या काळात चेअरमनपदासाठी मतपेटी एकदाच उघडली. बाकी सगळे चेअरमन बिनविरोध.

ते कसे व्हायचे ते सांगतो. नाव आदल्या रात्री कुणाच्या तरी ओटीवर ठरायचे. गणित काठावर असले की संचालकांना दोन जीपमध्ये घालून पोलादपूरचा घाट चढवायचा, महाबळेश्वरला दोन दिवस ठेवायचे आणि सभेच्या सकाळी थेट सोसायटीच्या दारात उतरवायचे. प्रोसिडिंग मी रात्रीच लिहून ठेवायचो. एकच अर्ज आला, सर्वानुमते निवड झाली, टाळ्यांच्या गजरात स्वागत झाले, सगळे. सभा सुरू होईपर्यंत शाई वाळलेली असायची. सूचक आणि अनुमोदक एवढ्या दोन जागा मोकळ्या सोडायच्या, कारण तो मान कुणाला द्यायचा यावरून सकाळपर्यंत रुसवेफुगवे चालत.

जागतिक बँकेचे आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे (आयएमएफ) प्रोसिडिंग १९४६पासून असेच आदल्या रात्री लिहिले जाते. बँक अमेरिकेची, निधी युरोपचा. हे कुठल्याही कलमात लिहिलेले नाही, सगळा तोंडी व्यवहार. पण युजीन मेयर यांच्यापासून बंगांपर्यंत, हंगामी सोडले तर, बँकेचे चौदा अध्यक्ष झाले आणि चौदाही अमेरिकेचे नागरिक. वुल्फेन्सन मूळचे ऑस्ट्रेलियाचे, जिम योंग किम यांचा जन्म सोलचा, बंगा खडकीचे. पण खुर्चीत बसताना तिघांच्याही खिशात अमेरिकेचा पासपोर्ट होता. तिकडे निधीच्या प्रमुखपदी बेल्जियमच्या गुट यांच्यापासून बल्गेरियाच्या जॉर्जिएव्हा यांच्यापर्यंत बारा जण, सगळे युरोपचे. त्यातले पाच एकट्या फ्रान्सचे. बंगांचे नाव बायडेन यांनी सुचवले, त्यानंतर अर्जाची मुदत संपेपर्यंत दुसरे नाव आले नाही, तरीही त्यांनी आफ्रिका, युरोप, दिल्ली असा जगभर प्रचारदौरा केला. दिल्लीत तर त्यांना करोना झाला. माणूस कर्तबगार आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण त्या निवडीत भारताने केले काय? पाठिंबा जाहीर केला. म्हणजे अनुमोदकाच्या मोकळ्या जागेत सही केली.

नियमांचेही तसेच. आमच्याकडे थकबाकीदाराला उभे राहता येत नाही. मग अर्जाच्या आदल्या रात्री अकराला कुणीतरी पिशवीतून रोकड आणायचे आणि मी डोळे चोळत पावती फाडायचो. पण पोटनियमच बदलून टाकावा, एवढी छाती आमच्यात कुणाची झाली नाही. निधीत तेही झाले. २०११मध्ये निधीचे प्रमुख स्ट्रॉस-कान यांना राजीनामा द्यावा लागला, तेव्हा स्टॅनली फिशर यांनीही नाव दिले होते. निधीत पूर्वी दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर काम केलेला, नावाजलेला अर्थतज्ज्ञ. पण वय सदुसष्ट, आणि नियम पासष्टचा. अर्ज बाद. २०१९मध्ये युरोपने जॉर्जिएव्हांचे नाव पुढे केले, वय सहासष्टला टेकलेले. मग वयाची अटच काढून टाकली. २०२४मध्ये त्यांना दुसऱ्यांदा पाच वर्षे मिळाली, तेव्हाही अर्ज एकच!

त्याच २०११मध्ये भारत, चीन, रशिया, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका यांच्या संचालकांनी मिळून पत्रक काढले, की युरोपचाच माणूस हा न लिहिलेला रिवाज आता बंद करा. वाचून बरे वाटले. पण पाचांचा मिळून एक उमेदवार काही ठरला नाही. मेक्सिकोचे कार्स्टेन्स स्वतःच्या हिमतीवर लढले आणि फ्रान्सच्या लगार्द बाई निवडून आल्या. पत्रक काढणारे आणि पॅनेल उभे करणारे यांच्यातला फरक आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतो.

कुणी म्हणेल, सोसायटीत एक सभासद एक मत, तिथे ज्याचा पैसा त्याचे मत, तुलना कशाला? हरकत मान्य आहे. जो जास्त भांडवल घालतो त्याला जोखीम जास्त, त्याने सांभाळून पैसे द्यावेत म्हणून त्याचे वजनही जास्त, हे मला पटते. निधीत सगळ्या देशांना सारखी अशी मूळ मते आहेत, पण ती एकूण मतांच्या साधारण साडेपाच टक्केच. अमेरिकेकडे एकटीकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास, आपल्याकडे अडीच टक्क्यांहून थोडी अधिक. अमेरिका आणि युरोप मिळून निम्म्याच्या जवळ जातात. म्हणजे मोजले तरी बहुधा तेच जिंकतील. मग मोजायला काय जाते?

आमची मतपेटी उघडली ती एका बाईंमुळे. महिला राखीव जागेवरून आलेल्या संचालिका, नवरा वारलेला, दीड एकर भात. माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. पिशवी मांडीवर घेऊन त्या कचेरीतल्या बाकावर बसून राहिल्या. एकेक जण येऊन समजावून गेला. तीन वाजून गेले, त्या उठल्या नाहीत. तेरा संचालकांत नऊ विरुद्ध चार, त्या पडल्या. पण चार चिठ्ठ्या विरोधात पडल्या हे गावाला कळले. त्या वर्षी खताची गाडी पहिल्यांदाच चेअरमनच्या वाडीत न जाता सोसायटीच्या गोदामात उतरली.

२०१२मध्ये जागतिक बँकेतही अशा एक बाई तीन वाजेपर्यंत बसून राहिल्या होत्या. नायजेरियाच्या अर्थमंत्री न्गोझी ओकोन्जो-इवेला. कोलंबियाचे ओकाम्पो माघार घेऊन त्यांच्या बाजूने झाले, तरी निवड किम यांचीच झाली. कुणाला किती मते पडली, ते बँकेने सांगितले नाही. ओकोन्जो-इवेला २०२१मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख झाल्या, जिथे मतांचे वजन पैशावर ठरत नाही.

हे सगळे मला टोचते, त्याला आमच्या तालुक्याचेही एक कारण आहे. अमेरिकेतल्या ज्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत १९४४ साली या दोन्ही संस्था ठरल्या, तिथे भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते. जन्म नाते गावचा, आमच्या सोसायटीपासून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर. देश पारतंत्र्यात, शिष्टमंडळाचा प्रमुख इंग्रज, तरी चीनच्या बरोबरीने कोटा, म्हणजे निधीतला वाटा, मिळावा म्हणून ते भांडले. चाळीस कोटी डॉलर मिळाला, चीनपेक्षा कमीच. पण पुढे रशिया निधीत आलाच नाही, म्हणून भारत पहिल्या पाचांत बसला. १९५०मध्ये पॅरिसला दोन्ही संस्थांच्या संयुक्त वार्षिक सभेचे अध्यक्ष देशमुखच होते. आज आपला संचालक बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान यांना बरोबर घेऊन त्या मंडळात बसतो. उमेदवाराचे नाव सुचवायचा त्याला अधिकार आहे. तो वापरायला वॉशिंग्टनची परवानगी लागत नाही.

बंगांची मुदत जून २०२८ला संपते. तेव्हा आपल्या वार्ताहराला एवढेच सांगावे, की अर्ज किती आले, कुणी कधी माघार घेतली आणि आपल्या संचालकाने हात कुणासाठी वर केला, हे पहिल्या परिच्छेदात द्या. जन्मगाव तिसऱ्यात चालेल.

आपला,
एक निवृत्त सोसायटी सचिव
ता. महाड, जि. रायगड

ता. क. कृपया नाव छापू नये. चेअरमन अजून गावातच आहेत आणि माझ्या गोण्या त्याच गोदामातून येतात.