‘महाराजांची गाडी’ आधी कागदावर सिद्ध व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळ्यात जुन्या मोटारींचे मेळावे सुरू झाले की इंदूरच्या पानावर छायाचित्रे येतात आणि त्यांखाली एक ओळ ठरलेली असते: ‘ही गाडी होळकर महाराजांच्या मोटारखान्यातली.’ उघड्या टपाची, दोन आसनांची गाडी दिसली की तिला महाराजांचे नाव चिकटलेच. विकणाऱ्याला ते हवे असते, घेणाऱ्याला गोड वाटते आणि बातमीदाराला आयता मथळा मिळतो. यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा मोटारींचा शौक खराच होता. अमेरिकी ड्यूसेनबर्ग एसजेच्या चेसिसवर (सांगाड्यावर) लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कंपनीकडून त्यांनी बांधून घेतलेली गाडी जगभरच्या जाणकारांना ठाऊक आहे. ती आज भारतात नाही. पण त्यांना शौक होता म्हणून शहरातली प्रत्येक स्पोर्ट्‌स कार त्यांची होत नाही. गाडी कुणाकडून कुणाकडे गेली, याची साखळी कागदावर बऱ्याच अंशी जोडता येते. ती कशी जोडावी आणि कुठे तुटते, एवढ्यापुरते हे पत्र.

फुकटात होणारी तपासणी तारखांची. नेहमी कानावर येणारा दावा घ्या: ‘दरबाराने नवी घेतलेली जॅग्वार एक्सके १२०.’ ही ब्रिटिश गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली ती ऑक्टोबर १९४८ मध्ये, लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात. गिऱ्हाइकांच्या हाती पडायला १९४९ उजाडले. मध्य भारत संघाचे उद्‌घाटन २८ मे १९४८ चे, आणि इंदूर त्यात सामील झालेले. तेव्हा दरबाराच्या खजिन्यातून एक्सके १२० येणे शक्यच नाही. महाराजांनी ती स्वतःच्या पैशाने घेतली असे कुणी म्हटले तर ते अशक्य नाही, कारण ते १९६१ पर्यंत हयात होते. पण मग ती खासगी गाडी झाली आणि तिचा माग संस्थानी दप्तरात नव्हे, परिवहन खात्याच्या रजिस्टरात काढावा लागतो. उलट बाजूने, १९२४ ची गाडी ‘यशवंतरावांनी हौसेने मागवली’ असे सांगणाऱ्याने हे पाहावे की ते गादीवर आले १९२६ मध्ये आणि त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले १९३० मध्ये. १९२६ च्या आधीची खरेदी असलीच तर त्यांचे वडील तुकोजीराव यांच्या काळातली. एवढ्या चार सनांवर निम्मे दावे गळून पडतात.

मग गाडीपाशी जावे, आणि पाटी वाचण्याआधी लोखंड वाचावे. बॉनेटखाली स्क्रूने बसवलेली पाटी आज हुबेहूब नवी, कोरी विकत मिळते. तिच्यावर हवा तो आकडा ठोकता येतो. एक्सके १२० चा मूळ क्रमांक चेसिसच्या डाव्या रेलवर (लांब तुळईवर), फ्लायव्हीलच्या घरासमोर, वरच्या अंगाला असतो. त्यावर सत्तर वर्षांचे ग्रीस आणि तीन-चार थर रंग बसलेला असतो. इथे बहुतेक मिस्त्री ग्राइंडरवर वायरब्रश चढवतात आणि आकड्यांच्या कडा कायमच्या घालवतात. पेंट रिमूव्हर लावून थांबावे, फुगलेला रंग लाकडी पट्टीने उचलावा, राहिलेले पितळी ब्रशने हलक्या हाताने काढावे आणि थिनरने पुसावे. टॉर्च समोरून मारू नये. लोखंडाला जवळजवळ टेकवून आडवी धरली की उथळ आकडाही सावलीने उठून दिसतो. मग पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी, आरटीओच्या फॉर्मवर घेतात तशीच, आणि तिरप्या प्रकाशात फोटोही काढावा. आजूबाजूचे लोखंड किंचित खोलगट लागले, एकाच दिशेच्या घासल्याच्या रेघा दिसल्या किंवा वेल्डिंगची कड हाताला लागली, तर तिथे आधी दुसरा आकडा असावा असा संशय घ्यायला हरकत नाही.

आकडा मिळाला की तो बोलू लागतो. एक्सके १२० च्या उजव्या स्टिअरिंगच्या रोडस्टरचे, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीचे, क्रमांक ६६०००१ पासून, डाव्या स्टिअरिंगच्यांचे ६७०००१ पासून; बंद टपाच्या कूपेचे अनुक्रमे ६६९००१ आणि ६७९००१ पासून. उजव्या स्टिअरिंगच्या रोडस्टर एकंदर जेमतेम बाराशे बनल्या. आता गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे आणि चेसिसवर ६७ ने सुरू होणारा आकडा, तर ती मूळ परदेशी वापराची आणि नंतर बदललेली. अशा गाडीच्या बाबतीत पहिला विचार वकिलातीचा करावा, महाराजांचा नव्हे, त्याबद्दल पुढे. इंजिनचा क्रमांक डब्ल्यूने सुरू होतो. तो ब्लॉकच्या उजव्या बाजूला ऑइल फिल्टरच्या वर असतो आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकावरही असतो. दोन्ही जुळले पाहिजेत. शेवटचा ‘-७’ किंवा ‘-८’ हा कॉम्प्रेशन रेशो आहे, क्रमांकाचा भाग नाही. आर.सी. लिहिताना मधली आडवी रेघ गळली की चार आकडी क्रमांक पाच आकडी होतो, आणि मग कारखान्याच्या नोंदीशी जुळत नाही म्हणून चांगल्या गाडीवर विनाकारण बट्टा लागतो. बॉडीचा क्रमांक चेसिसच्या रकान्यात लिहिला जाणे हाही नेहमीचा घोळ.

एमजीए या एमजी कंपनीच्या ब्रिटिश गाडीची गोष्ट वेगळी. तिच्या चेसिसवर कारखान्याने क्रमांक ठोकलाच नव्हता. सगळी ओळख त्या एका पाटीवर. आपल्याकडे छापेसाठी आकडा लागतो म्हणून अनेकांनी नंतर पंच मारून घेतलेला दिसतो. त्यामुळे एमजीएवर इथला पंच दिसला तर ती लबाडीच असे समजू नये, आणि पाटी मूळची दिसली म्हणून निर्धास्तही होऊ नये. तिचे १४८९ सीसीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) ज्या बी-सीरिज घराण्यातले, त्याच घराण्यातले आपल्या ॲम्बेसेडरचे. मूळ इंजिन निकामी झाले की ॲम्बेसेडरचे टाकणे हा इकडचा सर्रास उपाय होता, आणि गाडी त्यावर धावतेही. पण मूळ एमजीए १५०० च्या इंजिन क्रमांकात ‘१५ जीबी’ किंवा ‘१५ जीडी’ अशी अक्षरे हवीत. ती नसतील तर ‘नंबर जुळतात’ हा शब्द विक्रेत्याने तोंडातून काढू नये. मोठ्या गाड्यांत मॅटाडोरचे डिझेल इंजिन घातलेले आढळते. तो बदल आर.सी.वर चढवलेला असेल तर उलट चांगलेच, कारण त्या नोंदीला तारीख असते आणि त्या दिवशीचा मालक कळतो.

कारखान्याकडून काय मिळते, याबद्दल फार गैरसमज आहेत. जॅग्वारच्या नोंदी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडे. एमजीए, एमजीबी, ऑस्टिन-हीली आणि ट्रायम्फच्या टीआर गाड्यांच्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे. फी भरून प्रमाणपत्र मिळते. त्यात मूळ क्रमांक, रंग, बनल्याची आणि रवाना झाल्याची तारीख आणि कुठल्या वितरकाकडे गेली हे असते. मालकाचे नाव क्वचित. नंतरचे मालक तर नाहीतच. युद्धापूर्वी रोल्स-रॉइसने डर्बीच्या कारखान्यात बनवलेल्या बेंटलींच्या बाबतीत मात्र नशीब चांगले आहे. त्यांची चेसिस कार्डे इंग्लंडातल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबच्या संग्रहात आहेत. त्यांत बॉडी बांधणारा आणि पहिला ग्राहक असतो. होळकर नाव खरेच असेल तर ते तिथे दिसेल. एक सावधगिरी: विक्रेत्याने दाखवलेल्या प्रमाणपत्राची झेरॉक्स पुरावा धरू नका. प्रमाणपत्र त्या क्रमांकाचे असते, समोर उभ्या गाडीचे नव्हे. म्हणून आधी लोखंड.

आता भारतातली साखळी. जुने, हाताने लिहिलेले आर.सी. बुक हाती असेल तर पहिले पान सोडून मागची पाने वाचा: हस्तांतरणाच्या नोंदी, भाडेखरेदीचा शिक्का, दुसऱ्या जिल्ह्यात गेल्याचा शेरा. फायनान्स कंपनीचे नाव हेही धागाच असतो. वेगळे ठेवलेले टॅक्स टोकन, विम्याचे कव्हर नोट, मेळाव्याची छापील यादी, जुन्या लग्नातला नंबरप्लेट दिसणारा फोटो, सगळे जमवा. दिल्लीत स्टेट्समन रॅली १९६४ पासून होते. अशा रॅलीच्या पुस्तिकेत गाडीबरोबर मालकाचे नाव आणि नंबर मिळून जातो, आणि तो पुरावा विक्रीसाठी कुणी रचलेला नसतो.

नंबर बदलले की माग हरवतो. मध्य भारत १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात आले. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि पुढे इंदूरची एमपी ०९ ची मालिका सुरू झाली. राज्याबाहेर गेलेल्या गाडीला तिथे नवा नंबर मिळतो. म्हणून आजच्या नंबरावरून मागे जायचे तर प्रत्येक ठिकाणी ‘पूर्वीचा क्रमांक’ विचारत जावे. संस्थानी गाड्यांवर संस्थानाच्या नावाची पाटी असे. अशा गाडीचे पहिले नागरी आर.सी. १९५२ चे निघाले तर ती १९५२ ची होत नाही. बनल्याचे साल, नोंदणीचे साल आणि मॉडेलचे साल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

महूची गाडी होळकर दप्तरात शोधू नये. महू ही इंदूरजवळची ब्रिटिश छावणी होती. तिथल्या आणि रेसिडेन्सीच्या (ब्रिटिश प्रतिनिधीच्या कचेरीच्या) कारभाराचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, सेंट्रल इंडिया एजन्सीच्या दप्तरात पाहावे. इंदुरातल्या बऱ्याच ‘महाराजांच्या’ छोट्या एमजी एखाद्या घरी परतणाऱ्या लष्करी साहेबाने विकलेल्या असाव्यात, असे मला वाटते. त्यात कमीपणा काहीच नाही. आणि वर म्हटलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाड्या: आयात बंद झाल्यावर वकिलातींच्या वापरलेल्या परदेशी गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत निविदा मागवून विकल्या जात. एसटीसीचे वाटपपत्र किंवा सीमाशुल्काचे बिल ऑफ एंट्री सापडले तर साखळीचे पहिले भारतीय कडे हाती लागले.

आरटीओकडे तोंडी विचारले तर ‘जुना रेकॉर्ड नाही’ हे ठरलेले उत्तर मिळते. माहिती अधिकारात लेखी मागा. अर्जात गाडीचा नंबर आणि चेसिस क्रमांक द्यावा; नोंदणी रजिस्टरच्या त्या पानाची प्रमाणित प्रत, शेऱ्याचा रकाना धरून, आणि ना-हरकत दिले असल्यास त्याचा जावक क्रमांक मागावा. ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर कायद्याचे कलम ८(३) दाखवावे: वीस वर्षांपूर्वीच्या बाबीची माहिती, सुरक्षेसारखे मोजके अपवाद सोडले तर, द्यावी लागते. रेकॉर्ड नष्ट केल्याचे कळवले तर नष्ट करण्याचा आदेश आणि यादी यांची प्रत मागावी. ती यादी निघत नाही तेव्हा रजिस्टर पुष्कळदा निघते.

घरगुती तुटफूट याहून साधी. आजोबांच्या नावावरची गाडी, आजोबा जाऊन तीस वर्षे झाली, मालक वारल्यावर नाव बदलण्याचा फॉर्म ३१ कुणी भरलाच नाही, आणि मधल्या तीन मालकांनी फक्त सही केलेले, विक्रीनंतर नाव बदलण्याचे कोरे फॉर्म २९ आणि ३० एकमेकांकडे सोपवले. कागदोपत्री मालक अजून आजोबाच. अशी गाडी घेताना वारसांच्या सह्या आधी, पैसे नंतर.

शेवटी परिवहन खात्याकडे एक मागणी. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिका आली. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरणाला ५,०००. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अर्जासोबत जुने आर.सी. किंवा बिल ऑफ एंट्री मागतात. एवढे शुल्क घेताच आहात तर त्याच वेळी जुन्या रजिस्टरचे मूळ पान स्कॅन करून त्या फाइलला जोडावे आणि पूर्वीचे सर्व क्रमांक नोंदवावेत. परिवहन आयुक्तांची कचेरी ग्वाल्हेरला आहे. तिथून जिल्ह्यांना एक परिपत्रक निघाले तरी पुरे, की १९८९ पूर्वीची बांधीव रजिस्टरे स्कॅन झाल्याशिवाय निर्लेखित करू नयेत. कचेऱ्या नव्या इमारतीत हलतात तेव्हा पहिल्यांदा हीच रजिस्टरे जिन्याखाली जातात, आणि तिथून रद्दीत. संस्थानी काळातला एखादा कागद मोडी लिपीत निघाला तर तो वाचणारे इंदुरात अजून आहेत. त्यांना विचारायचे तर तेही लवकर विचारावे.

आपला,
एक वाचक
राजेंद्रनगर, इंदूर