विकर गेले कुठे?

चि. मृण्मयी हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले आलेख मी सावकाश पाहिले. सच्छिद्र सिलिकाची भुकटी मिसळण्यापूर्वीचे द्रावण आणि ती खाली बसल्यावर वर उरलेले द्रावण यांचे २८० नॅनोमीटरवरील प्रकाशशोषण मोजून, जो फरक आला तेवढे लायसोझाइम, म्हणजे जिवाणूंची भिंत तोडणारे विकर (एन्झाइम), भुकटीवर बसले, असा हिशेब तू मांडला आहेस. वजाबाकी बिनचूक आहे; पण तिच्यावरून एवढेच कळते की विकर द्रावणात उरले नाही. ते छिद्रात शिरले, कणाच्या बाहेरच्या अंगाला चिकटले की नळीलाच लागले, हे त्या आकड्याला सांगता येत नाही.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. अधिशोषणाचा, म्हणजे प्रथिन पृष्ठभागावर किती बसते याचा, एक सुबक वक्र मी काढला होता आणि त्यावर बेहद्द खूश होते. सिलिका न घातलेल्या नळीत काय होते, असे एका सहकाऱ्याने सहज विचारले, तेव्हा ती नळी मी लावलीच नव्हती हे माझ्या ध्यानात आले. लावली, तर तिच्यातही शोषण उतरले, कारण विरळ द्रावणातले प्रथिन प्लास्टिकच्या भिंतीवर जाऊन बसत होते. वक्राचा सुरुवातीचा सगळा चढ त्यामुळे संशयास्पद ठरला. शिवाय वरच्या द्रावणात सिलिकाचे बारीक कण राहिले असतील, तर ते प्रकाश विखुरतात आणि शोषण उगाच वाढते. म्हणून ३२० ते ३५० नॅनोमीटरचा पट्टाही नोंदवत जा. तिथे लायसोझाइम शोषत नाही, तेव्हा जे दिसेल ते कणांचे.

छिद्रांचा प्रश्न मापांचा आहे. लायसोझाइमचा रेणू साधारण ३ × ३ × ४.५ नॅनोमीटरचा आहे. एमसीएम-४१ या सच्छिद्र सिलिकाची छिद्रे बहुधा २ ते ४ नॅनोमीटरची असतात, म्हणजे तिथे तो घुसला तरी अंग चोरूनच. एसबीए-१५ या दुसऱ्या प्रकाराची छिद्रे त्याहून रुंद असल्यामुळे तिथे त्याला जागा आहे. आकर्षणाचे कारण सरळ आहे : लायसोझाइमचा समविद्युत बिंदू, म्हणजे त्याचा एकूण भार शून्य होतो तो पीएच, ११ च्या आसपास असल्याने पीएच ७ ला ते धनभारित असते, आणि सिलिकाचा पृष्ठभाग ऋणभारित. मीठ वाढवल्यावर पकड सैल झाली, तर ती मुख्यतः विद्युतभारांची होती असे धरायला हरकत नाही.

आता अवरक्त वर्णपटाकडे येते, कारण तुझा खरा गोंधळ तिथे आहे. प्रथिनाच्या कण्यातल्या बंधांचा अमाइड-१ पट्टा १६०० ते १७०० प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्यांमध्ये येतो, आणि त्याच्या आकारावरून सर्पिल घडी किती टिकली याचा अंदाज बांधता येतो. दुर्दैवाने पाण्याचा पट्टाही नेमका १६४५ जवळ बसतो, त्यामुळे पाणी किंचित जास्त वजा झाले तरी पट्ट्यात खळगा पडतो आणि घडी मोडल्याचा भास होतो. १७५० ते २००० चा भाग सपाट होईपर्यंत पाणी वजा करावे, असा प्रघात आहे. पण तुझ्या नमुन्यात सिलिका आहे, आणि तिचे स्वतःचे फिके उंचवटे १८७० आणि १६३० च्या सुमारास असतात. म्हणून नुसता बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) वजा करून भागणार नाही. त्याच बफरमध्ये भिजवलेली, विकर नसलेली सिलिका कोरा नमुना म्हणून घे. कोरडी भुकटी चालणार नाही, कारण छिद्रात कोंडलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे हुबेहूब वागत नाही. जड पाणी (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेले) परवडत असेल तर त्यातही एकदा करून पाहा. त्याचा पट्टा १२१० जवळ सरकतो आणि अमाइडची वाट मोकळी होते.

प्रतिदीप्तीसाठी (प्रकाश शोषून प्रथिन स्वतः जो उजेड सोडते त्यासाठी) उत्तेजन २९५ नॅनोमीटरवर ठेव, म्हणजे प्रथिनातले फक्त ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लच बोलेल. सोडलेल्या उजेडाचा कमाल बिंदू ३५० नॅनोमीटरकडे सरकला, तर आतले ट्रिप्टोफॅन पाण्याला उघडे पडले असे समज. भुकटी असल्यामुळे प्रकाश समोरच्या अंगाने घ्यावा लागेल.

शेवटी क्रियाशीलतेबद्दल. इन्व्हर्टेज हे साखर तोडणारे विकर कोळशावर बसल्यावरही काम करते, हे नेल्सन आणि ग्रिफिन यांनी १९१६ साली दाखवले. त्यांच्याजवळ तुझ्यासारखी उपकरणे नव्हती, पण बसलेले विकर काम करते का, हा प्रश्न त्यांनी विचारला. तूही तो विचारलास आणि उत्तर शून्य आले, म्हणून खचलीस. जरा थांब. तू जिवाणूंच्या गढूळ द्रावणाचे ४५० नॅनोमीटरवर निवळणे मोजलेस ना? जिवाणूची पेशी सुमारे हजार नॅनोमीटरची आणि तुझे छिद्र दहाच्या आतले. विकर आत ठणठणीत असले तरी एवढे मोठे भक्ष्य त्याच्यापर्यंत पोचणार कसे? साखरेच्या तीन-चार कड्यांचा, तुटल्यावर चमकणारा लहान रेणू घेऊन तीच चाचणी पुन्हा कर. त्याआधी मात्र सिलिका नसलेली नळी लाव आणि तिचा आकडा मला कळव.

तुझी,
आई