पेनानं लिहिलेले खर्च

प्रिय बाळा,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, नक्की किती साठले म्हणजे नोकरी सोडायची?" आणि मी "बघू, लिहून कळवते" म्हणून विषय बदलला. तुझा प्रश्न एका आकड्याचा होता आणि माझ्याकडे उत्तर एका आकड्यात मावणारं नव्हतं. शिवाय बाबा शेजारी बसून खाणाखुणा करत होते, 'सोड म्हण, सोड म्हण.' त्यांचं ऐकलंस तर उद्याच राजीनामा देशील.

आम्ही सोडली तेव्हा मी ५१ ची आणि बाबा ५३ चे. त्याला आता नऊ वर्षं झाली. पगार जमा झाल्याचा मेसेज यायचा त्या दिवशी सकाळी बाबा सवयीनं फोन हातात घेऊन बसले होते. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आज काही यायचं नाही, नाही का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी फोन पालथा ठेवला. वर्षभर आम्ही हिशेब करत होतो, सगळं कागदावर जुळलेलं होतं, पण पगार थांबतो म्हणजे काय होतं ते त्या सकाळी समजलं.

आता तुझा आकडा. वार्षिक खर्चाच्या २५ पट साठले की झालं, हे तू कुठेतरी वाचलं असणार. ते विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन आर्थिक सल्लागाराच्या १९९४ मधल्या लेखावरून आलंय. १९२६ पासूनचे तिथल्या शेअर बाजाराचे आणि रोख्यांचे आकडे घेऊन त्यानं एक प्रश्न सोडवला: पहिल्या वर्षी साठ्यातून किती काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी वाढ घेत गेलं, तर पैसे ३० वर्षं पुरतील? उत्तर आलं साधारण ४ टक्के. शंभराचे ४ टक्के म्हणजे चार, म्हणून चाराच्या २५ पट. यातले दोन शब्द लोक गाळतात. एक 'अमेरिकन' आणि दुसरा '३० वर्षं'. तू ४५ व्या वर्षी सोडणार आणि ९० पर्यंत जगलीस (जगशील, आपल्या घरातल्या बायका चिवट आहेत), तर पैसे ४५ वर्षं पुरायला हवेत. तेव्हा ४ सोड, ३ ते साडेतीन टक्के धर. ३ टक्के म्हणजे ३३ पट. कर भरायचा असेल तर तोही खर्चातच मोजायचा, तो विसरू नकोस.

महागाईचं एक सोपं गणित मी तुला शाळेत असताना शिकवलं होतं, आठवतंय? ७२ ला दरानं भागायचं. महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत खर्च दुप्पट. ४५ व्या वर्षी जे शंभरात भागतं त्याला ५७ व्या वर्षी दोनशे लागतील, ६९ व्या वर्षी चारशे आणि ८१ व्या वर्षी आठशे. म्हणून सगळे पैसे मुदत ठेवीत टाकून स्वस्थ झोपायचं म्हटलं तर झोप लागेल, पण साठा हळूहळू झिजत जाईल. थोडे बाजारात ठेवावेच लागतात.

आणि बाजारात ठेवले की दुसरी भानगड येते. तीन वर्षांचा परतावा उणे ३०, अधिक १० आणि अधिक ४० टक्के असा धर. शंभर नुसते ठेवून दिले तर क्रम कसाही असो, शेवटी १०७.८ च होतात. पण दरवर्षअखेर त्यातून पाच काढून खायचे आहेत. पडझड आधी आली तर तिसऱ्या वर्षाअखेर ८८ उरतात आणि तेजी आधी आली तर ९५. परतावे तेच, फक्त क्रम उलटा. बेंगेनच्या आकड्यांत सगळ्यात हाल झाले ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात निवृत्त झालेल्यांचे. बाजार आधी रेंगाळला, १९७३-७४ मध्ये कोसळला आणि त्यात महागाई भडकली. त्या लोकांची चूक एवढीच, की त्या वर्षी त्यांचं वय झालं होतं.

आमचंही दुसरंच वर्ष वाईट निघालं. तेव्हा कामी आली ती माझी वही. तू तिला हसायचीस, तीच, चौकटींची. सोडण्याआधीच्या वर्षी मी त्यात घरातला प्रत्येक खर्च लिहिला आणि लिहिताना एक नियम केला. जो खर्च थांबवता येत नाही तो पेनानं, जो थांबवता किंवा पुढे ढकलता येतो तो पेन्सिलीनं. वीज, औषधं, विम्याचा हप्ता, कर, घराचा देखभाल खर्च हे पेनानं. प्रवास, नवी गाडी, घराला रंग, बाबांची कॅमेऱ्याची भिंगं हे पेन्सिलीनं. भिंगांवरून बरीच वादावादी झाली. बाबांनी एकदा गुपचूप ती ओळ पेनानं गिरवून ठेवली होती. अजून दिसते वहीत, खोडायचा प्रयत्न केलेली.

वर्षाअखेर बेरीज केली तेव्हा खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा पेन्सिलीचा निघाला. बाजार पडला त्या वर्षी मी रबर घेऊन बसले. सहल खोडली, रंग खोडला, गाडी पुढच्या पानावर नेली. दोन वर्षांचा पेनाचा खर्च आम्ही बाजाराबाहेर, हाताशी ठेवला होता, त्यावर घर चाललं आणि पडत्या भावात एकही युनिट विकावं लागलं नाही. म्हणून तू मला किती साठले ते सांगण्याआधी तुझ्या वहीत पेनानं किती लिहिलंय ते सांग. तेवढ्याच साठ्यावर एकाची निवृत्ती तरते आणि दुसऱ्याची बुडते, ती बहुतेक या फरकामुळे.

आणखी एक पाहून ठेव. निवृत्तीसाठी म्हणून कापलेली बचत बऱ्याच ठिकाणी ठरावीक वयापर्यंत कुलूपबंद असते. एकूण बेरीज भरभक्कम दिसते, पण ४५ ते ते वय यांमधली वर्षं कशावर काढायची? त्या वर्षांपुरते पैसे वेगळे मोजायचे.

घराचं आता. घर घेताना तुम्ही ऑफिसचं अंतर पाहिलंत, मुलाची शाळा पाहिलीत. ते बरोबरच होतं. नोकरी सुटली की त्यातलं निम्मं कारण संपतं आणि हप्ता मात्र पेनानं लिहिलेला राहतो. कर्ज फेडून झाल्याशिवाय सोडू नकोस, हे मी जरा हट्टानंच सांगते. कागदावर कदाचित कर्ज ठेवून पैसे गुंतवणं फायद्याचं ठरेलही, तुझा नवरा ते सिद्ध करून दाखवेल. पण वाईट वर्षी हप्ता खोडता येत नाही. आणि राहत्या घराची किंमत त्या ३३ पटींत धरायची नाही. त्या भिंतींतून दर महिन्याला थोडे थोडे पैसे काढता येत नाहीत.

आमचं जुनं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हे तुला माहीतच आहे. आम्ही ते का विकलं ते मात्र तुला नीट सांगितलं नव्हतं. एकदा बाहेरून येताना मी पुढे चढून गेले आणि बाबा आले नाहीत म्हणून परत खाली वाकून पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्या बुटांना नाडीच नव्हती. मी काही बोलले नाही, आत गेले. आठवड्यानं तेच म्हणाले, "लिफ्टवालं एखादं बघूया का?" जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडण्यानं दगावतात आणि त्यांत साठीपुढची सर्वांत जास्त. त्यामुळे नवं घर पाहताना मी खिडकीतून काय दिसतं ते शेवटी पाहिलं. आधी न्हाणीघराची फरशी पायानं घासून पाहिली, भिंतीत आधाराची दांडी बसेल का विचारलं, आणि टेप लावून दारं मोजली. चाकांची खुर्ची आत यायला ८० सेंटिमीटरच्या आसपास मोकळी जागा लागते. एजंट माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होता.

स्वस्त, शांत गावी जाऊन राहायचं तुमच्या मनात आहे असं दिसतं. जा, पण आधी वर्षभर भाड्यानं राहून पाहा. सगळे ऋतू काढा. आणि एकदा रात्री, घड्याळ लावून, तिथून चांगल्या इस्पितळापर्यंत गाडी चालवत जाऊन या.

इस्पितळावरून आठवलं म्हणजे खरं तर तेच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं. नोकरी सोडून चार महिने झाले होते, रात्री अडीचच्या सुमारास बाबांच्या पोटात कळ आली. पित्ताशयाचे खडे. शस्त्रक्रिया झाली, ते बरे झाले, हे सगळं तुला माहीत आहे. पैसे कुणी भरले ते माहीत नाही. नोकरीच्या ठिकाणचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपला होता. नवी पॉलिसी आम्ही आरामात, सोडल्यावर दीड महिन्यानं घेतली. आणि तीन वर्षांपूर्वीच्या एका तपासणीच्या रिपोर्टात एका ओळीत लिहिलेलं होतं, 'पित्ताशयात लहान खडे'. त्रास नव्हता म्हणून आम्ही विसरलो. अर्जात लिहिलं नाही. कंपनीनं ती ओळ शोधून काढली आणि दावा नाकारला. मी रागावले, पत्रं लिहिली. पण रिपोर्टाची ती फाइल आमच्याच कपाटात होती. लिहिलं असतं तरी आधीपासूनच्या आजाराला प्रतीक्षेचा काळ असतोच, तो काही चार महिन्यांत संपला नसता. आम्ही पॉलिसी घ्यायला हवी होती ती नोकरीत असतानाच, काही वर्षं आधी, म्हणजे तो काळ पगार चालू असताना सरून गेला असता. त्या वर्षी साठ्यातून ठरवल्यापेक्षा बरंच जास्त काढावं लागलं, आणि पाठोपाठ ते बाजाराचं वाईट वर्ष आलं. क्रमाचं गणित मी तुला वर इतकं घोळवून का सांगितलं ते कळलं ना?

आजारपण हा वहीतला एकच खर्च असा आहे, की तो पेनानं लिहायचा पण रक्कम माहीत नाही. म्हणून तिथे विम्याचा हप्ता लिहायचा आणि हप्ता वयाप्रमाणे वाढत जाणार हे धरून चालायचं. शिवाय दात, चष्मा, श्रवणयंत्र हे बहुतेक पॉलिसींत पुरतं येत नाही, त्याला वेगळी ओळ. आणि म्हातारपणी कुणाला दिवसभर माणूस लागला, तर तो खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. आजीच्या शेवटच्या तीन वर्षांत तू पाहिलं आहेस. त्यासाठी आम्ही थोडी रक्कम वेगळी ठेवली आहे. तिला हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि तू आमच्यासाठी नोकरी सोडायची नाहीस असंही.

आता तुझं काम. तुम्हा दोघांचे गेल्या दहा वर्षांतले जेवढे रिपोर्ट सापडतील तेवढे काढ आणि प्रत्येकातली प्रत्येक ओळ वाच, 'त्रास नाही' म्हणून सोडू नकोस. ते समोर ठेवून या महिन्यातच स्वतंत्र पॉलिसीचा अर्ज कर. आणि एक चौकटींची वही आण. रविवारी फोन करशील तेव्हा पेनाची बेरीज सांग.

बाबा मागून वाचताहेत. म्हणताहेत, भिंगांची गोष्ट खोड. मी हे पत्र पेनानं लिहिलंय.

तुझी,
आई