गोव्याच्या अलीकडे थांब

राजारामपुरी, कोल्हापूर
सोमवार, रात्री

प्रिय दिग्या,

सप्रेम नमस्कार. काल फोनवर "कसं झालं फिरणं?" म्हणून विचारलंस आणि मी "झकास" म्हणून ठेवून दिला. तू सिग्नलला उभा होतास आणि मला सांगायचं होतं ते एका सिग्नलात मावणारं नव्हतं. म्हणून पत्र. चहा घेऊन बस.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. तू दरवर्षी निपाणी, आजरा, आंबोली करत गोव्याला पळतोस. सावंतवाडीत आजवर काय घेतलंस? पेट्रोल. फार तर मोती तलावाच्या काठाला उभ्या उभ्या एक कटिंग. आम्ही दोघं या वेळी तिथंच मुक्काम टाकून बसलो, पुढं गेलोच नाही. आता तुलाही तिथं उतरवल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

शनिवारी पहाटेच निघालो. उज्ज्वलानं गाडीत रिकाम्या पिशव्यांची एक मोठी पिशवी ठेवली तेव्हाच मी ओळखलं की हा प्रवास कुठल्या अंगानं जाणार. पहिली पिशवी आजऱ्यातच भरली. आजरा घनसाळ तुला माहीत आहेच, बारीक दाण्याचा, वासाचा तांदूळ. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून त्याचं नाव सांगून कुठलाही तांदूळ गळ्यात मारणारे वाढलेत. उज्ज्वलानं मूठभर दाणे तळहातावर चोळून हुंगले, दोन दुकानं सोडली आणि तिसऱ्यात घेतला. मी बाहेर भजी खात होतो.

आंबोलीत या दिवसांत धबधबे नाहीत, त्यामुळं कणसं नाहीत, धिंगाणा नाही, शर्ट काढून नाचणारी पोरं नाहीत. पावसाळ्यात जाणाऱ्यांना हे आंबोली कधी दिसतच नाही. हिरण्यकेशीला वाकडी वाट करून गेलो. तिथल्या कुंडात बोटाएवढे मासे आहेत, २०२० साली शास्त्रज्ञांनी ती जगाला नवी असलेली जात म्हणून नोंदवली, नावही नदीचंच दिलं, आणि २०२१ मध्ये सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणजे मासे खायला निघालेल्या माणसाला पहिला मासा भेटला तो हात न लावण्याचा. उज्ज्वला म्हणाली, "नमस्कार करा आणि चला."

घाट उतरला की हवा बदलते, घाम येतो आणि भूक लागते. आम्ही गावातच एका घरी उतरलो होतो, दोन खोल्या पाहुण्यांना देतात आणि घरच्या काकी रांधून घालतात. त्यांची पद्धत साधी: मासे तुम्ही बाजारातून आणा, करायचं माझ्याकडं लागलं. आणि जाताना ताकीद, "कल्ले लाल व्हये हां, नायतर परत धाडीन."

आता मासळी बाजारात दोन कोल्हापूरकर म्हणजे काय दृश्य असेल ते तूच ठरव. आपल्याला मटणातली चाप आणि नळी डोळे मिटून कळते. इथं समोर चांदीचा ढीग आणि त्यातलं काही कळत नाही. कोळणीनं आमच्याकडं एकदा पाहिलं आणि विचारलं, "खंयसून इलात?" कोल्हापूर म्हटल्यावर हसली आणि स्वतःच बांगड्याचे कल्ले उघडून दाखवले. रक्तासारखे लाल. अंग कडक, शेपटीला धरून आडवं केलं तरी वाकत नव्हतं. वजनकाटा नाही, वाटा घ्यायचा. बांगड्याचा एक वाटा घेतला, तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, एक. सुरमईवर माझा डोळा होता, पण उज्ज्वला म्हणाली, "सुरमई कोल्हापुरातही मिळते, बर्फातली का होईना. जे तिथं कधी खात नाही ते घ्या." मला हे मान्य करावं लागलं, भाव ऐकल्यावर तर लगेचच.

दुपारचं जेवण सविस्तर सांगतो, त्याशिवाय तू हलणार नाहीस. बांगड्याचं तिखलं. बेडगी मिरची, ओलं खोबरं, चिंच, आणि तिरफळं. तिरफळ म्हणजे मिऱ्याहून मोठं, सुकून फुटलेलं फळ. आतली काळी बी काकी नखानं काढून टाकतात आणि नुसती सालं थोडी चेचून रश्शाला शेवटाकडं घालतात. ते चावायचं नसतं. मी चावलं. जीभ बधिर झाली, झिणझिण्या आल्या, आणि तरी पुढचा घास घ्यावासा वाटला. आपल्या तिखटाची आग समोरून येते, हे तिरफळ मागून येऊन टपली मारतं. तिसऱ्यांचं एकशिपी केलं होतं: विळीवर प्रत्येक शिंपली उघडायची, एक शिंप फेकायची, मांस असलेली ठेवायची. एवढ्याशा मांसासाठी एवढा उपद्व्याप का, असं वाटेल, पण खोबऱ्याचा मसाला त्या शिंपेत जाऊन बसतो आणि तो चोखून घ्यायचा असतो. सोबत उकड्या तांदळाचा भात, टपोरा, तांबूस. घनसाळवर वाढलेल्या उज्ज्वलाला तो आधी गावठी वाटला. दुसऱ्यांदा तिनंच मागून घेतला. वर सोलकढी. आपल्या पांढऱ्या रश्श्याचा मला कितीही अभिमान असला तरी उन्हात सोलकढीपुढं तो बसून राहील.

दुपारी गाव झोपतं. एक ते चार दुकानांच्या फळ्या लागलेल्या. तुला पुणेकराला यात नवं काही सांगायला नको. पण इथं पाटी लावून कोणी दम देत नाही, नुसतं झोपतात.

चारनंतर चितार आळी, लाकडी खेळण्यांची. तुला एक सांगून ठेवतो, फार मोठी बाजारपेठ डोळ्यांपुढं आणून जाऊ नकोस. आळी लहान आहे. दर्शनी भागात प्लास्टिकही लटकतं, बाहेरगावाहून आलेली चकचकीत लाकडी खेळणीही असतात. ओळखायची युक्ती काकींनी सांगितली होती: हातात घेऊन बघा. इथली फळं बहुतेक पांगाऱ्याची, आणि पांगारा इतका हलका की डोळ्यांना आंबा दिसतो आणि हाताला काहीच लागत नाही. एका दुकानाच्या मागच्या पडवीत काम चाललेलं दिसलं, विचारून आत गेलो. म्हातारबुवा सीताफळ रंगवत होते. हिरवा रंग आधी सगळ्याला दिलेला, वाळलेला. आता प्रत्येक डोळ्याच्या कडेनं पांढरट पिवळी रेघ. फळ डाव्या हातात फिरत होतं, कुंचला जवळजवळ जागचा हलत नव्हता. मग त्या रेघेवर बोटानं एक हलकासा पुसल्यासारखा स्पर्श, आणि डोळा एकदम फुगीर दिसायला लागला. शेजारी टोपलीत काजूची बोंडं पडली होती, खाली बी लोंबणारी, देठाकडं जराशी लाल; मिरच्या, कारली, केळ्याची फणी. गणपतीत कोकणात मूर्तीवर माटवी बांधतात ना, खऱ्या फळा-भाज्यांची, तिथं ही लाकडी फळंही लागतात.

उज्ज्वला महाद्वार रोडवर भाव करते ते तू पाहिलं आहेस. तुझ्या लग्नाच्या आहेराची साडी तिनंच निम्म्यात पाडली होती. तिनं सीताफळ, कारलं, बोंड आणि भातुकलीचा डबा असं पुढ्यात मांडलं आणि सवयीनं निम्मा आकडा उच्चारला. बुवांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "व्हया तर घेवा, नाय तर रवांदे," एवढं म्हणून त्यांनी तिच्या पुढ्यातलं सीताफळ उचललं आणि कुठंतरी राहिलेली एक रेघ पुरी करायला घेतली. रागानं नाही हां, अगदी सहज. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला असं निरुत्तर झालेलं मी पाहिलं नव्हतं. पूर्ण पैसे दिले, वर एक पांगुळगाडाही घेतला. आमच्या घरी पांगुळगाडा कोणाला, असं मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

संध्याकाळी तलावाला फेरी मारली. एका बाजूला राजवाडा, एका बाजूला बाजार, मध्ये पाणी, आणि सगळं गाव कट्ट्यावर येऊन बसलेलं. रात्री मात्र फसगत झाली. मला हौस, म्हणून हमरस्त्यावरच्या एका झगमगीत हॉटेलात गेलो. मेनूकार्डावर मालवणीपासून चायनीजपर्यंत सगळं आणि सुरमई शिळी. नाव लिहीत नाही, पाटीवर दिवे जास्त दिसले की पुढं जा, एवढं पुरे.

रविवारी सकाळी काकींनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार दिलं आणि रात्रीचं सगळं धुऊन निघालं. काळा वाटाणा रात्रभर भिजवलेला, भाजक्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवलेला. मटणाचा रस्सा म्हणून पुढं ठेवला असता तर मी खाल्ला असता. मंगलवहिनींचा श्रावण यावर सहज निघेल, पाकृ उज्ज्वलानं लिहून आणली आहे.

सध्या ओल्या काजूचे दिवस. बायका रस्त्याच्या कडेला छोट्या ढिगाऱ्या मांडून बसतात, शेकड्यावर विकतात. महाग वाटतात, पण त्यांचे हात बघ. ओल्या बीचा चीक कातडीला लागला की भाजतो, साल निघते. बोटं काळी पडलेली असतात. एक एक बी चिरून गर अख्खा बाहेर काढायचा. इथं उज्ज्वलानं भाव केलाच नाही, दोन शेकडे मोजून घेतले. बाकी खरेदी भराभर: कोकमाचं आगळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, तिरफळं, आलं-गुळाचा खाजा. खाजा तुझ्यासाठी वेगळा बांधून घेतला होता, तो घाट चढेपर्यंत संपला.

राजवाडा शेवटी ठेवला होता, आणि पैशांचं पाकीट तिथंच रिकामं झालं. दरबारात कलाकार बसून गंजिफा रंगवतात. गोल पत्ते, तळहातावर मावणारे. ही कला संपत आली होती. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी उरलेल्या जुन्या चितारी कारागिरांना हाताशी धरून ती उभी केली. राणीसाहेब स्वतः शिकल्या, त्यांनी पोरांना शिकवलं. २०१८ साली त्या गेल्या, काम चालू आहे. एक मुलगी वराहाच्या पानावर कुंचल्यानं दागिने काढत होती. आम्ही मागं उभे, तिनं श्वास रोखला की आम्हीही रोखायचो.

दशावताराचा संच १२० पानांचा. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. गंमत ऐक, अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान, उरलेल्या अर्ध्यांत उलटं. म्हणजे तुझं ते पत्ते तोंडपाठ असल्याचं घमेंडीचं कौशल्य इथं कामाचं नाही. किंमत हजारांत आहे. मी बाहेर येऊन तलावाकडं बघत राहिलो, कारण मला उज्ज्वलाचा चेहरा दिसला होता. ती मागून डबा घेऊन आली. म्हणाली, "या दिवाळीला मला साडी नको. घरात चौघं बसून खेळायला काहीतरी नवं पाहिजेच होतं." चौघं म्हणजे कोण, हे तुला सांगायला हवं का? मेंढीकोटात तुम्ही नवराबायको आमच्यावर चढवलेल्या कोटांचा हिशेब तिनं वहीत ठेवला आहे.

तेव्हा असं कर. तुझं गोव्याचं बुकिंग मार्चअखेरचं आहे ना? त्यातली एक रात्र सावंतवाडीला दे, काकींचा नंबर फोनवर देतो. त्याआधीचा शनिवार मात्र आमच्याकडं. एक शेकडा काजूगर फ्रीझरमध्ये आहेत, उसळ तेव्हा होईल. नियमांचा कागद मी पाठ करतोय. दिवसा डाव असला तर सुरुवात रामाच्या राजानं होते, रात्री असला तर कृष्णाच्या. तुम्ही काही रात्रीच्या जेवणाआधी पोचत नाही, म्हणून मी कृष्णाचाच अभ्यास आधी घेतलाय.

मंगलवहिनींना नमस्कार, चिंट्याला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश

ता. क. येताना चितळ्यांची बाकरवडी आणू नकोस, ती इथंही मिळते. उज्ज्वलाला लक्ष्मी रोडच्या बोळातल्या त्या दुकानातले पितळी डबे हवेत. भाव तू करू नकोस, तिला फोन लाव.