संथ संगणकावर दुसरा अँटीव्हायरस नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातला जुना संगणक संथ चालू लागला की ‘व्हायरस शिरला’ असा निष्कर्ष आपल्याकडे लगेच निघतो आणि इंटरनेटवरून कुठला तरी मोफत अँटीव्हायरस उतरवून घेतला जातो. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत कनिष्ठ महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा माझ्याकडे होती आणि निवृत्तीनंतर गल्लीतल्या व नात्यातल्या अनेकांचे संगणक मी पाहत आलो आहे. या उपायाने संगणक सुधारण्याऐवजी आणखी मंदावल्याचे इतक्यांदा पाहिले, की त्याबद्दल जाहीरपणे लिहावे असे वाटले.

माझ्या थोरल्या बहिणीकडे ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची, चकती फिरणारी हार्ड डिस्क असलेला संगणक आहे. महिला मंडळाचा हिशेब, वीजबिल आणि बँकेचे स्टेटमेंट एवढेच तिचे काम. दुरुस्तीला नेला तेव्हा दुकानदाराने त्यात एक मोफत अँटीव्हायरस टाकून दिला, आणि तरीही वेग येईना म्हणून पुढे भाच्याने दुसरा टाकला. त्यानंतर बटण दाबल्यापासून हिशेबाची फाइल उघडेपर्यंत जवळजवळ पाव तास जाऊ लागला. कोणता कार्यक्रम संगणकावर किती भार टाकतो ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर डिस्कचा वापर सतत १०० टक्क्यांवर अडकलेला, आणि तो वापर करणाऱ्यांत हे दोन्ही पहारेकरी सर्वांत वर होते. व्हायरस एकही सापडला नाही.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अँटीव्हायरस केवळ अधूनमधून तपासणी करून थांबत नाही. उघडली जाणारी, लिहिली जाणारी, उतरवली जाणारी प्रत्येक फाइल तो त्या क्षणी मध्येच अडवून पाहतो. असे दोन कार्यक्रम एकाच वेळी जागे असतील तर एकाच फाइलची दोनदा झडती होते, आणि एकाने बाजूला काढून ठेवलेली संशयास्पद फाइल दुसऱ्याला धोका वाटण्याचीही शक्यता असते. फिरत्या डिस्कमध्ये वाचणारे टोक प्रत्यक्ष जागेवरून हलावे लागत असल्याने हा भार तिथे सर्वाधिक जाणवतो.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये डिफेंडर हा पूर्ण अँटीव्हायरस मुळातच येतो, ही गोष्ट अजून पुष्कळांना माहीत नाही. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि नूतनीकरणाची आठवण करून देणाऱ्या जाहिराती तो दाखवत नाही. दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप मागे सरतो आणि तो दुसरा काढला की डिफेंडर पुन्हा कामाला लागतो. मात्र बाहेरचे दोन टाकले तर ते दोघेही चालूच राहतात, आणि बहिणीच्या संगणकावर नेमके तेच झाले होते. त्या त्या कंपनीने दिलेले काढून टाकण्याचे साधन वापरून दोन्ही हटवले, संगणक पुन्हा सुरू केला, आणि पाव तासाचे काम चार-पाच मिनिटांवर आले. पुढे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क, बसवली तेव्हा ते मिनिटाच्या आत होऊ लागले. अँटीव्हायरस बदलून एवढा फरक पडल्याचे मी कधीच पाहिलेले नाही.

डिफेंडर सर्वांत हलका आहे असे माझे म्हणणे नाही. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्हज ही संस्था अँटीव्हायरसमुळे संगणक किती मंदावतो याच्या चाचण्या नियमित घेते आणि त्यांत काही इतर उत्पादने त्याच्या पुढे राहिलेली आहेत. पण त्या चाचण्यांत कमी क्षमतेचे म्हणून जे यंत्र अलीकडे वापरले जाते त्यातही ८ जीबी रॅम आणि एसएसडी असते. आपल्या घरांतले अनेक संगणक त्याच्याही खालच्या पायरीवर आहेत, तेव्हा तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही. अशा संगणकावर डिफेंडरची पूर्ण तपासणी मात्र कित्येक तास घेते. ती दुपारी जेवणानंतर किंवा रात्री लावावी. रोज जलद तपासणी पुरते.

‘मोफत’ या शब्दाबद्दलही सावध राहायला हवे. अव्हास्ट या प्रसिद्ध मोफत अँटीव्हायरसच्या कंपनीने वापरकर्त्यांनी पाहिलेल्या संकेतस्थळांची माहिती जम्पशॉट या आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघड झाले, ती उपकंपनी बंद करावी लागली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षणासाठी घरात घेतलेल्या कार्यक्रमानेच घरातली माहिती बाहेर द्यावी, याहून मोठा विश्वासभंग मला सुचत नाही. शिवाय दुकानात जी चार नावे स्पर्धक म्हणून पुढे केली जातात ती अव्हास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन आज जेन डिजिटल या एकाच कंपनीच्या मालकीची आहेत.

सर्वांत गंभीर प्रकार वेगळाच आहे. काहीशे रुपयांत ‘विंडोज टाकून’ देताना चोरीची प्रत वापरली जाते, आणि परवान्याशिवाय ती चालू करणारा ‘क्रॅक’ हा छोटा कार्यक्रम डिफेंडरने पकडू नये म्हणून आधी डिफेंडरच बंद केला जातो किंवा एखादे अख्खे फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळले जाते. ग्राहकाला यातले काहीच सांगितलेले नसते. आपल्या संगणकावर ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून वगळलेल्या गोष्टींची यादी, म्हणजे ‘एक्सक्लूजन्स’, प्रत्येकाने एकदा पाहावी. ती सहसा रिकामी असायला हवी.

झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर येणारा ‘शॉर्टकट व्हायरस’ अजूनही भेटतो. फोल्डरांच्या जागी बाण असलेली चिन्हे दिसू लागली की लोक घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारतात आणि मुलांची प्रमाणपत्रे गमावून बसतात. खरे तर मूळ फाइली बहुतेक वेळा तिथेच लपवलेल्या असतात आणि जाणकाराला त्या परत दाखवता येतात, म्हणून आधी फॉरमॅट मारू नये. तपासणीसाठी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या यंत्रणेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र उपयोगी आहे. तिथे मिळणारी सफाईची साधने आपल्याच देशातल्या कंपन्यांची आहेत. सुरुवातीला पुण्याच्या क्विक हीलचे साधन होते, आणि मुंबईच्या ई-स्कॅनचेही तिथे मिळते. ती एकदा चालवून बंद करता येतात, त्यामुळे जुन्या यंत्रावर कायमचा भार राहत नाही.

विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. डिफेंडरच्या व्हायरस ओळखण्याच्या नोंदी विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळत राहतील असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे, परंतु त्यावर विसंबून राहू नये. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने विंडोजच्या सुरक्षेतली जी भोके वापरली ती बुजवणारा अपडेट दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिला गेला होता. ज्यांनी तो घेतला नाही त्यांचे संगणक बळी पडले. भोक उघडे ठेवून दारावर कितीही पहारेकरी बसवले तरी उपयोग नसतो. विंडोज १० असलेल्यांनी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सुरक्षा मुदतवाढ जरूर घ्यावी. मायक्रोसॉफ्ट खाते जोडून सेटिंग्जची प्रत ऑनलाइन ठेवायला तयार असणाऱ्यांना तिचे पैसे पडत नाहीत. विंडोज ७ अजून वापरणाऱ्यांनी निदान बँकेचे व्यवहार तरी त्यावर करू नयेत.

संगणक दुरुस्त करणाऱ्या व्यावसायिकांना माझी एक कळकळीची विनंती आहे. संगणक परत देताना पावतीवर तीन गोष्टी लिहाव्यात: विंडोज परवान्याची आहे की नाही, कोणता अँटीव्हायरस चालू ठेवला आहे, आणि डिफेंडरच्या तपासणीतून काही वगळले आहे का. ग्राहकांनीही ही माहिती मागून घ्यावी. बहिणीच्या संगणकाची पावती मी नंतर पाहिली. तिच्यावर फक्त ‘सर्व्हिसिंग’ एवढेच लिहिलेले होते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, मिरज